‘दूध पुरत नाही’ : एका तक्रारीची मीमांसा

‘बाळाला अंगावरचे दूध पुरत नाही’ ही तक्रार ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत जितकी परिचित आहे, तितकीच ती मुंबईच्या प्रसूतिगृहांतही आहे. तक्रार एकच असली तरी तिचे परिणाम मात्र सर्वत्र सारखे नाहीत. शहरातील सुस्थित घरी वरचे दूध सुरू झाल्याने जे नुकसान होते ते बहुधा भरून निघू शकते. पाड्यावरील अर्भकाच्या बाबतीत तेच दूध जिवावर बेतू शकते. यास्तव या तक्रारीत तथ्य किती व समजूत किती, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम शरीरधर्माचा विचार करू. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोनतीन दिवसांत स्तनांतून केवळ घट्ट, पिवळसर चीक येतो व तोही दिवसाकाठी थोडाच. नवजात अर्भकाचे जठर अगदी लहान असल्यामुळे निरोगी, पूर्ण दिवसांच्या अर्भकास तो सामान्यतः पुरेसा असतो. भरपूर दूध उतरू लागते ते साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. नेमक्या याच मधल्या काळात ‘अजून दूध आले नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, चीक पिळून टाकला जातो आणि मध, गुळाचे पाणी किंवा गाईचे दूध चाटविले जाते. बाळाचे वजनही या दिवसांत शेकडा सात ते दहापर्यंत घटू शकते व सुमारे दोन आठवड्यांत ते पूर्ववत होते. ही घट नैसर्गिक आहे हे ठाऊक नसेल, तर आईच्या मनातील शंका बळावणारच.

त्यानंतरच्या काळात दूध किती निर्माण व्हावे हे मुख्यतः एका गोष्टीवर अवलंबून असते. ती म्हणजे स्तन किती वेळा व किती पूर्णपणे रिकामे होतात. दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते. बाळ वारंवार प्यायले की वाढते. म्हणजे वरचे दूध पाजल्यामुळे बाळाची भूक भागते, ते कमी ओढते, आणि आईचे दूध खरोखरच आटू लागते. आरंभी निराधार असलेली शंका अशा रीतीने स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण करते.

दुधाची निर्मिती व दुधाचे उतरणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीचे नियमन प्रोलॅक्टिन या संप्रेरकाकडे, तर दुसरीचे ऑक्सिटोसिनकडे असते. हा भेद आपल्या भाषेस पूर्वीपासून अवगत आहे. ‘पान्हा फुटणे’ हा शब्दप्रयोग दुसऱ्या क्रियेचा वाचक आहे, आणि गाय ‘पान्हा चोरते’ असे गुराखी म्हणतो तेव्हा कासेत दूध आहे पण ते उतरत नाही, हेच त्यास सुचवावयाचे असते. नाइल्स व मायकेल न्यूटन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मातेस वेदना वा व्यत्यय यांनी विचलित केले असता बाळास मिळणारे दूध घटले. परंतु ऑक्सिटोसिन टोचताच ते पुष्कळ अंशी पूर्ववत मिळू लागले. तात्पर्य, दूध होतेच. अडला होता तो पान्हा. ‘तुला दूधच नाही’ असे बाळंतिणीस घरच्यांनी वारंवार ऐकविणे हा म्हणूनच केवळ मनास लागणारा बोल नव्हे. त्याचे शारीरिक परिणामही संभवतात.

या तक्रारीच्या सामाजिक कारणांविषयी अभ्यासकांत वाद झालेला आहे. १९८० साली गसलर व ब्रीसमायस्टर यांनी माता व अर्भक यांची ताटातूट आणि दोन पाजण्यांमधील दीर्घ अंतर यांवर भर दिला. १९८१ साली ग्रायनर, व्हॅन एस्टरिक व लॅथम यांनी बाटलीच्या दुधाच्या प्रसाराकडे बोट दाखविले. भारतात १९९२ च्या कायद्याने अर्भकांच्या कृत्रिम दुधाच्या जाहिरातीस बंदी घातली. तथापि शहापूर-मुरबाडच्या संदर्भात पहिले कारण अधिक विचारार्ह वाटते. भाताच्या लावणीच्या दिवसांत आई शेतात व तान्हे घरी आजीजवळ, ही येथील परिस्थिती आहे. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. अंतर वाढले की पाजणे कमी होते व पाजणे कमी झाले की दूध कमी होते. अशा स्थितीत ‘वारंवार पाजा’ हा उपदेश, आईच्या श्रमाची सोय न लावता केल्यास, पोकळ ठरतो.

आईच्या कुपोषणाचा संबंध येथे सहज जोडला जातो. सी. गोपालन यांनी १९५८ साली गरीब भारतीय मातांच्या स्तन्यपानाविषयी अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या व नंतरच्या अभ्यासांवरून असे दिसते की, अतितीव्र उपासमार वगळता, अपुऱ्या आहारावरही माता पुष्कळसे दूध देतात. मात्र त्याची किंमत त्या स्वतःच्या शरीराने मोजतात. अळिवाचे लाडू असोत की २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रात दिला जाणारा अमृत आहार असो, त्यांचे समर्थन प्रथम मातेच्या स्वतःच्या हक्कावर व्हावे.

वरच्या दुधाचा धोका पाण्यात आहे. मुंबईस पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. पण याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जेथे पिण्याच्या पाण्याची ही अवस्था, तेथे बाटली उकळून घेण्याची अपेक्षा कशी करावी? अस्वच्छ बाटलीतून अतिसार होतो, आणि पैसा वाचविण्यासाठी पातळ केलेल्या दुधाने अर्भकाचे पोषणही होत नाही.

मग दूध पुरते की नाही हे ठरवावे कसे? बाळाचे रडणे वा स्तनांचा मऊपणा ही विश्वसनीय लक्षणे नव्हेत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे, काळी शी जाऊन पिवळी होणे, आणि पुढे वजन दररोज सुमारे वीस ते तीस ग्रॅमनी वाढणे, या खऱ्या कसोट्या होत. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी जाऊन वजन घ्यावे, अशी योजना आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी केलेल्या कार्याचा तीस आधार आहे. शंकेचे निरसन तराजूने करता येते, ही या योजनेची मोठी देणगी होय.

तथापि प्रत्येक तक्रार समजूत म्हणून बाजूस सारणे हीही तितकीच घातक चूक ठरेल. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळास नीट ओढता येत नाही. प्रसूतीतील अतिरक्तस्राव, वारेचा अंश आत राहणे, थायरॉइडचे विकार किंवा स्तनग्रंथींची अपुरी वाढ यांमुळे दूध खरोखरच कमी पडू शकते. सुस्त पडलेले, लघवी कमी झालेले, वजन न वाढणारे अर्भक तत्काळ दवाखान्यात न्यावयास हवे. आणि वैद्यकीय सल्ल्याने पूरक दूध द्यावे लागले, तर त्याबद्दल मातेस दोष देणे अन्यायाचे होय.

सारांश, ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य निदान नसून प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी बाळाचे वजन पाहावे, पाजताना आईजवळ बसावे, आणि तिचा दिवस कोणत्या कामात जातो हे तिलाच विचारावे. यांपैकी तिसरी गोष्ट आपल्या अभ्यासांत बहुधा राहून जाते.