महोत्सवाचा पहिला दिवस आणि आजी

वर्धा जिल्ह्यांतील आमचें जाम हें गांव बहुतेकांस ठाऊक आहे तें चौरस्ता म्हणून. नागपूर, हिंगणघाट व वरोरा यांकडील वाटा येथें मिळतात; वाहनें क्षणभर थांबतात आणि निघून जातात. अशा गांवच्या एकत्र कुटुंबानें पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सवाच्या उद्घाटनास जावें, याचें शेजाऱ्यांस थोडें नवल वाटलें. परंतु खरा वाद निघाला तो घरांत, आणि तोही आजीवरून.

काकांचें म्हणणें असें कीं, परदेशी बोलपटांतील संभाषणाचा अर्थ पडद्याच्या तळाशीं इंग्रजींत उमटतो. आजीस मराठी पोथीपलीकडे वाचतां येत नाहीं. मग रात्रभर आगगाडींत तिची हाडें कां खिळखिळीं करावीं? हा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित घरांत न बोलतांच निकालांत निघालेला असतो, व वडील बायका घर राखण्यास मागें राहतात.

आम्हांस हें पटेना. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविला गेला व वाखाणलाही गेला. तेथल्या प्रेक्षकांस मराठी थोडेंच येत होतें! दामले-फत्तेलालांचा तुकोबा त्यांस कळला, तर इटलीचा गरीब माणूस आमच्या आजीस कां कळूं नये?

परीक्षाच पाहावी म्हणून व्हित्तोरियो दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आम्हीं घरींच लावला. २४ जानेवारी १९५२ रोजीं मुंबईस सुरू झालेल्या भारतांतील पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत तो दाखविला गेला होता. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ या १९५३ च्या बोलपटामागें त्याचीच प्रेरणा सांगतात. कीर्तनास जाणाऱ्यास आख्यान आधींच ठाऊक असतें, म्हणून कांहीं त्याची गोडी उणावत नाहीं. त्याच न्यायानें आम्हीं कथा अगोदर सांगून टाकली: नोकरीसाठीं बायकोनें घरच्या चादरी गहाण टाकून नवऱ्याची सायकल सोडविली, ती कामाच्या पहिल्याच दिवशीं चोरीस गेली, आणि बापलेक ती शोधीत रोमभर फिरले. मग कोणी बोललें नाहीं. शेवटीं आजी म्हणाली, “आणि त्या चादरी सुटल्या का?” आमच्यापैकीं एकासही तें सुचलें नव्हतें.

काकांनीं तिकिटें काढलीं.

पुण्याचा हा महोत्सव २००२ पासून भरतो. तेथील उत्कृष्ट मराठी चित्रपटास शासनाचें पारितोषिक मिळतें, तें संत तुकारामांच्याच नांवाचें. पहिल्या दिवशीं सत्कार व भाषणें आधीं आणि बोलपट मागून, हें जाणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. पोरें चुळबुळूं लागतात. आजी मात्र स्वस्थ होती. सभा म्हटली कीं तेवढें चालायचेंच, हें तिनें आयुष्यभर पाहिलेलें! उद्घाटनाच्या बोलपटाची कथा आम्हीं दुपारींच मराठींत सांगून ठेविली होती. रात्रीं बिऱ्हाडीं परतल्यावर तिनें दुसऱ्या दिवसाच्या खेळांची पुस्तिका काकांपुढें ठेवली, आणि त्यांनीं निमूटपणें चष्मा चढविला.