शुश्रूषेचा मनोनकाशा

वाचकहो, आपल्या घरातील फ्रीजच्या दारावर या क्षणी किती चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, ते एकदा मोजून पाहा. एकीवर डॉक्टरांची वेळ असेल, दुसरीवर रक्ततपासणीला घरी येणाऱ्या मुलाचा क्रमांक, तिसरीवर नुसतेच 'हयातीचा दाखला' एवढे दोन शब्द. उरलेली कामे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरांत दाटीवाटीने बसलेली असतील. आणि जी कुठेच लिहिलेली नाहीत, ती घरातील एकाच व्यक्तीच्या डोक्यात असतील. बहुधा ही ओळ वाचणाऱ्या आपल्याच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी ती व्यक्ती मी होते. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. सासऱ्यांचा एक डोळा मोतीबिंदूसाठी तपासून ठेवला होता. न्हाणीघरात धरायला दांडे बसवायचे होते, दिवसा सोबतीला बाई शोधायची होती, विम्याच्या दाव्याची कागदपत्रे अर्धवट होती आणि त्यातच मुलीच्या साखरपुड्याची बोलणी सुरू झाली. प्रत्येक काम निराळे, प्रत्येकाची माणसे निराळी, पण एकाचा दोरा ओढला की दुसरे हलायचे. रात्री अंथरुणावर पडले की 'काहीतरी राहिले' ही एकच भावना उरे. काय राहिले ते मात्र आठवत नसे.

ही आपल्या स्मरणशक्तीची नालस्ती नव्हे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये एका प्रसिद्ध निबंधात असे मांडले की, माणसाच्या तात्कालिक स्मृतीत साधारणपणे सात, एकदोन अधिक वा उणे, एवढ्याच गोष्टी एका वेळी मावतात. पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी हा आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला. वृद्ध आईवडिलांची काळजी घेणाऱ्या घरात एका सकाळी चार गोष्टी तर चहा होण्याआधीच उभ्या राहतात. तेव्हा डोक्यातले ओझे कोठेतरी उतरवून ठेवणे हा आळस नसून शहाणपणा आहे. प्रश्न एवढाच, की ते कशा रीतीने उतरवावे.

यादी करणे हा जुना मार्ग. यादी चांगलीच, परंतु तिच्यात एकाखाली एक अशी कामे येतात, त्यांचे आपसांतले नाते येत नाही. हे नाते दाखविणारी पद्धत म्हणजे मनोनकाशा, अर्थात माइंड मॅप. कागदाच्या किंवा पडद्याच्या मध्यभागी मुख्य विषय लिहावयाचा, त्यातून झाडाला फुटाव्यात तशा फांद्या काढावयाच्या आणि प्रत्येक फांदीला पोटफांद्या. ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. 1974 मध्ये बीबीसीवरील त्यांच्या मालिकेतून ती घरोघरी पोचली. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांविषयी आणि अफाट सुप्त शक्तीविषयी त्यांनी जे दावे केले, त्यांच्या नादी आपण न लागलेले बरे. मनोनकाशा काढल्याने स्मृतिभ्रंश टळतो असे कोणी सांगू लागल्यास तेही मनावर घेऊ नये. आपल्याला हवे आहे ते इतकेच, की सगळे घर एका पानावर दिसावे.

आमचा पहिला नकाशा फसला. मी मध्यभागी 'आईंचे ऑपरेशन' असे लिहिले आणि भोवती औषधे, व्यायाम, तपासण्या, खर्च अशा फांद्या काढल्या. सासूबाई शेजारी खुर्चीत बसून पाहत होत्या. चष्मा सारखा करीत त्या म्हणाल्या, "अगं, यात मी कुठे आहे? इथे तर नुसता गुडघाच दिसतोय." मी मुकाट्याने ते पान पुसले. दुसऱ्या नकाशाच्या मध्यभागी 'आई' आणि 'बाबा' हे दोनच शब्द आले आणि फांद्यांमध्ये सासूबाईंनी स्वतः सांगितलेली एक फांदी आली: गुरुवारचे भजनी मंडळ. ही फांदी आल्यावर व्यायामाच्या फांदीलाही अर्थ आला. मंडळाच्या सभागृहाला सात पायऱ्या होत्या आणि सात पायऱ्या चढता येणे हे उद्दिष्ट 'गुडघा इतका वाकला पाहिजे' यापेक्षा त्यांना पुष्कळ जवळचे होते. ज्यांची शुश्रूषा चालली आहे त्यांना शेजारी बसवून घेतल्यावाचून हा नकाशा काढू नये, हे मी तेव्हा शिकले.

मनोनकाशाची खरी किंमत मला कळली ती मात्र एका बाणामुळे.

या प्रणालींमध्ये एका फांदीवरून दूरच्या दुसऱ्या फांदीकडे बाण काढता येतो. औषधांची फांदी भरताना मी डॉक्टरांनुसार पोटफांद्या केल्या होत्या: थायरॉइडची गोळी एकीकडे, अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेले कॅल्शियम दुसरीकडे. प्रत्येक गोळीपुढे वेळ लिहिली. दोन्हींपुढे 'सकाळी' आले. माझ्या मुलीने ते पाहिले आणि सहज विचारले, "दोन्ही एकदमच देतेस का?" होय, एकदमच देत होते, गोळ्यांच्या डबीतला सकाळचा कप्पा एकच होता ना! फॅमिली डॉक्टरांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. कॅल्शियम किंवा लोह यांच्याबरोबर थायरॉइडची गोळी घेतल्यास ती शरीरात नीट शोषली जात नाही. दोहोंमध्ये चार तासांचे अंतर असावे लागते. त्या महिन्याच्या तपासणीत टीएसएच वाढलेले आले होते आणि गोळीची मात्रा वाढविण्याचा विचार चालू होता. डॉक्टरांनी मात्रा तशीच ठेवली, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर नेले आणि आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली. अहवाल मर्यादेत आला. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते; दोन्ही चिठ्ठ्या एका ठिकाणी पाहणारे कोणी नव्हते, एवढेच.

म्हणून आपणही फांद्या भरून झाल्यावर थोडा वेळ केवळ बाणांसाठी ठेवा. सासरे रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्या गोळीपासून 'दात काढणे' या फांदीकडे आमच्या नकाशात एक लाल बाण आहे. अर्थ असा की, दंतवैद्यांना ही गोळी आधी सांगावयाची आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याविना ती आपल्या मनाने थांबवायची नाही. पोटाच्या सोनोग्राफीसाठी उपाशीपोटी जावे लागते. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्या सकाळच्या मात्रेचे काय करावे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे लागते. हाही एक बाण. नकाशा उत्तर देत नाही, तो प्रश्न योग्य दारापाशी नेऊन पोचवतो.

आता साधनांविषयी थोडे. फ्रीप्लेन ही प्रणाली संगणकावर विनामूल्य वापरता येते. एक्समाइंड आणि सिम्पलमाइंड मोबाइलवरही चालतात. माइंडमिस्टर इंटरनेटवर असल्याने अनेकांना एकच नकाशा पाहता आणि बदलता येतो. संगणकावरील बहुतेक प्रणालींत टॅबची कळ दाबली की पोटफांदी फुटते, एंटर दाबला की शेजारची. मराठीत टंकलेखन करता येते. एवढे आले की काम भागते. रंगीबेरंगी चित्रांच्या आणि चिन्हांच्या मागे लागल्यास दुपार निघून जाते, हे अनुभवाने सांगते. सर्वांत उपयोगी सोय म्हणजे फांदी मिटवून ठेवणे. मोतीबिंदूचे काम पुढच्या महिन्यात असेल तर त्याच्या साऱ्या पोटफांद्या एका टिंबात मिटतात. काम हरवत नाही, डोळ्यांपुढून मात्र बाजूला होते. त्या मिटलेल्या टिंबाने मला जितकी शांत झोप दिली तितकी दुसऱ्या कशाने दिली नसेल.

माझे धाकटे दीर न्यू जर्सीला असतात. पूर्वी ते फोनवर "काही मदत हवी का?" असे विचारीत आणि मी "नको, चाललंय" असे म्हणे. दोघांच्याही मनात थोडी अढी राही. नकाशा त्यांच्यापुढे उघडल्यावर त्यांनी विम्याची फांदी आपणहून उचलली; ईमेल आणि कागदपत्रांचा पाठपुरावा तिकडून होण्यासारखा होता. सासऱ्यांच्या हयातीच्या दाखल्याची फांदी यजमानांकडे गेली. तो दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या 80 वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो आणि 2014 पासून 'जीवन प्रमाण'द्वारे तो डिजिटल पद्धतीनेही देता येतो. प्रत्येक फांदीपुढे एकेक नाव आल्यावर माझ्या नावाच्या फांद्या मोजल्या. अकरांपैकी आठ होत्या. त्यानंतर घरात जी बोलाचाली झाली ती येथे लिहीत नाही. आता पाच आहेत. एक सावधगिरी मात्र घ्या: असा सामायिक नकाशा इंटरनेटवर असतो, म्हणून त्यात बँकेचे पासवर्ड, एटीएमचे पिन किंवा आधार क्रमांक लिहू नका.

मनोनकाशाला वेळ कळत नाही, हेही ध्यानात असू द्या. दुपारी दोनला डोळ्यांत थेंब घालण्याची आठवण तो देणार नाही. त्यासाठी मोबाइलचा गजर आणि भिंतीवरची दिनदर्शिका हवीच. ज्येष्ठांनी स्वतः पाहावयाचा असेल तर अक्षरे मोठी आणि गडद ठेवा. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळ्या छटा ओळखणे अवघड जाते. आमच्या सासऱ्यांना फिकट निळी फांदी दिसतच नव्हती आणि ते संकोचाने बोललेही नव्हते. आणि आपल्याला संगणक नकोसा वाटत असेल तर जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची कोरी पाठ, शिसपेन्सिल आणि खोडरबर एवढ्यावरही हे सारे होते. फांदी मिटवता येणार नाही, इतकेच.

आमच्याकडे रविवारी सकाळी, पोह्यांनंतर, पंधरा मिनिटे नकाशा उघडला जातो. झालेल्या फांद्या सासूबाई पुसू देत नाहीत, त्यांवर बरोबरची खूण करायला लावतात. न्हाणीघरातले दांडे बसून वर्ष झाले, त्यावर खूण आहे. सभागृहाच्या सात पायऱ्यांवरही आहे. गेल्या रविवारी त्यांनी 'बाबा' या शब्दाला एक नवी फांदी काढायला सांगितली: कानाची तपासणी. सासरे वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना ऐकू गेले नाही.