गाडीतला सबवूफर आणि त्याच्या चार तारा

ओहमचा नियम, विद्युतधारेचे औष्णिक परिणाम आणि तरंगलांबीचे सूत्र हे तीन विषय आपण वर्गात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतो. परीक्षेतही ते वेगवेगळ्या प्रश्नांत येतात. या तिन्ही गोष्टी एकदम कामाला लावणारे एक उदाहरण मात्र रस्त्यावर रोज ऐकू येते. शेजारून एखादी मोटार जाते, गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण छातीत धम् धम् जाणवते. त्या गाडीत सबवूफर बसवलेला असतो.

गाडीबरोबर कंपनीतून आलेला स्टिरिओ तसाच ठेवायचा आणि त्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर जोडायचा, हे काम हल्ली पुष्कळ जण हौसेने घरीच करतात. आपल्या वर्गातली काही मुले पुढे हाच व्यवसाय करतील. वरवर पाहता काम चार तारांचे आहे. मात्र त्यातली एक तार निष्काळजीपणे टाकली, तर गाडी पेटू शकते. म्हणून प्रत्येक तारेमागचे कारण समजून घेऊ.

वेगळा सबवूफर कशाला?

ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. ३००० हर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची तरंगलांबी त्यामुळे ११ सेंटिमीटरच्या आसपास येते, तर ५० हर्ट्झच्या ध्वनीची जवळजवळ ७ मीटर. म्हणजे ढोलाच्या खर्जातली एक लाट लहान मोटारीपेक्षा लांब असते. इतक्या लांब लाटेची दिशा कानांना नीटशी ओळखता येत नाही. म्हणूनच सबवूफर डिकीत ठेवा किंवा आसनाखाली, गाणे समोरूनच येत असल्यासारखे वाटते.

खर्जाचा आवाज निर्माण करणे मात्र कष्टाचे असते. तेवढाच ध्वनिदाब निर्माण करायचा आणि वारंवारता निम्मी करायची, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे जावे लागते. दारात बसवलेल्या लहान स्पीकरला ते जमत नाही. त्यातच आपला कान खर्जाला कमी संवेदनशील असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखांतून हे स्पष्ट दिसले. थोडक्यात, खर्जासाठी पडदा मोठा हवा आणि शक्तीही जास्त हवी.

ही शक्ती मूळ स्टिरिओ देऊ शकेल का? हिशेब करून पाहू. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन टोकांना एकमेकांच्या विरुद्ध चालणारे दोन वर्धक जोडलेले असतात, त्यामुळे स्पीकरला जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचे शिखर मिळू शकते. शुद्ध सुरासाठी याची परिणामी व्होल्टता १४.४ भागिले १.४१४, म्हणजे १०.२ व्होल्ट. तिचा वर्ग करून ४ ओहमने भागले, की उत्तर येते २६ वॅट. प्रत्यक्षात थोडे कमीच मिळतात. मग अनेक स्टिरिओंच्या खोक्यावर ‘५० वॅट’ कसे छापलेले असते? १४.४ चा थेट वर्ग करून ४ ने भागा, उत्तर ५२ येईल. हा आकडा चौकोनी आकाराच्या तरंगाचा आहे. गाणे त्या अवस्थेला पोचले, की ते फाटलेले ऐकू येते. जाहिरातीतला आकडा तपासण्याचे हे उदाहरण वर्गात सोडवून घेण्यासारखे आहे.

म्हणून सबवूफर स्वतःचा वर्धक घेऊन येतो आणि त्यासाठी लागणारी वीज थेट बॅटरीतून घेतो. इथून पहिली तार सुरू होते.

पहिली तार : बॅटरीपासून

समजा, सबवूफरचा वर्धक १५० वॅट देतो आणि त्यासाठी सुमारे २०० वॅट घेतो. घरातल्या २३० व्होल्टवर २०० वॅटसाठी ०.९ अँपिअर धाराही लागत नाही. गाडीत १३.५ व्होल्ट धरले, तर त्याच शक्तीला १५ अँपिअर लागतात. धारा सतरापट झाली. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे त्याच तारेत ती जवळजवळ ३०० पट झाली.

आता तारेची जाडी पाहू. इंजिनाजवळच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर तार लागते असे धरू. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या, ५ मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०८६ ओहम. १५ अँपिअर धारेला तारेतच १.३ व्होल्ट खर्च होतात आणि १९ वॅट उष्णता निर्माण होते. तीच तार ८ चौरस मिलिमीटरची घेतली, तर खर्च होतात जेमतेम ०.१६ व्होल्ट आणि उष्णता अडीच वॅटपेक्षा कमी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही स्वस्तात मिळते. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. ब्लेडने एक तंतू खरवडला आणि आतून पांढरट चकाकी दिसली, तर ती तांब्याची नव्हे.

खरा धोका मात्र याहून वेगळा आहे. बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरडे हात लावले तरी झटका बसत नाही, कारण त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. यावरून १२ व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, असा समज होतो. पण गाडीचा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. बॅटरीपासून निघालेली तार इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून आत येते. गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार तारेचे प्लॅस्टिक हळूहळू कापते आणि एक दिवस तांबे पत्र्याला टेकते. तोपर्यंतच्या अडीच मीटर जाड तारेचा रोध ०.००५ ओहम, बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहमच्या आसपास. ओहमच्या नियमाने धारा ८०० अँपिअर येते. स्पर्शाच्या जागीही रोध असतो, म्हणून ती निम्मी धरू. ४०० अँपिअरला त्या अडीच मीटर तारेत ८०० वॅटहून जास्त उष्णता तयार होते. कपड्यांची इस्त्री गालिच्याखाली चालू ठेवण्यासारखेच हे आहे.

यावर उपाय वितळतारेचा, म्हणजे फ्यूजचा. इथे विद्यार्थ्यांना नेमका प्रश्न विचारावा : फ्यूज कोणाचे रक्षण करतो? बहुतेक जण सांगतील, सबवूफरचे. सबवूफरच्या रक्षणासाठी त्याच्या पेटीतच एक छोटा फ्यूज असतो. बॅटरीजवळ बसवायचा फ्यूज तारेचे रक्षण करतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या धन टोकाजवळ, शक्यतो वीतभर अंतरावर आणि कोणत्याही परिस्थितीत दीड फुटाच्या आत. त्याची क्षमता तारेला सुरक्षितपणे पेलणाऱ्या धारेपेक्षा जास्त नसावी. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज घालणे किंवा त्याजागी तारेचा तुकडा अडकवणे, म्हणजे तारेलाच फ्यूज करणे होय. शिवाय पत्र्याच्या भोकात रबरी कडे बसवल्याशिवाय तार त्यातून नेऊ नये.

दुसरी तार : सांगाड्याला

वीज जशी येते तशी ती परत गेली पाहिजे. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा. त्यामुळे दुसरी तार आखूड चालते, पण ती पहिलीइतकीच जाड हवी, कारण धारा तीच आहे. सांगाड्यावरचा रंग हा विद्युतरोधक असतो. तो खरवडून चकचकीत धातूवर तारेचे टोक बोल्टने घट्ट आवळावे लागते.

ही जोडणी सैल राहिली, किंवा स्टिरिओ आणि वेगळा वर्धक यांच्या सांगाड्यावरच्या जोडण्यांत थोडे विभवांतर राहिले, तर आवाजात एक बारीक शिट्टी मिसळते. ॲक्सिलरेटर दाबला, की तिची पट्टी चढते. हा सूर अल्टरनेटरचा असतो. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर सेकंदाला १०० फेरे घेत असेल, तर ६०० हर्ट्झची त्रिकला प्रत्यावर्ती धारा तयार होते. सहा डायोडमधून दिष्ट होताना तिच्या प्रत्येक आवर्तनात सहा उंचवटे उरतात, म्हणजे ३६०० हर्ट्झ. सबवूफरमधली गाळणी एवढी उंच वारंवारता बहुतेक अडवते. वर्धक दारातल्या स्पीकरांचा असेल, तर ती शिट्टी स्पष्ट ऐकू येते.

तिसरी तार : गाण्याची

कंपनीच्या स्टिरिओला सबवूफरसाठी वेगळी खोबण बहुधा नसते. म्हणून मागच्या स्पीकरला जाणाऱ्या तारांच्या जोडीतूनच संदेश घेतात. याने स्टिरिओवर भार पडत नाही का? सबवूफरच्या या प्रवेशाचा रोध ४ ओहमच्या स्पीकरच्या तुलनेत खूपच मोठा असतो. व्होल्टमापी समांतर जोडला तरी परिपथाला त्याची दखल घ्यावी लागत नाही, तसेच हे.

इथे एक चूक महागात पडते. स्पीकरची ऋण तार म्हणजे सांगाडा, असे समजून ती सांगाड्याला जोडली जाते. वर सांगितलेल्या दोन वर्धकांच्या रचनेत स्पीकरच्या दोन्ही तारांवर सांगाड्याच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट असतात. कोणतीही एक सांगाड्याला टेकवली, तर स्टिरिओचा वर्धक जळू शकतो.

तारांची दिशाही सांभाळावी लागते. उलटी जोडणी झाली तर दारातला पडदा पुढे येताना सबवूफरचा मागे जातो आणि खर्ज वाढण्याऐवजी घटतो. सुट्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावा. पडदा बाहेर येतो, तेव्हा सेलचे धन टोक ज्याला लागले ते स्पीकरचे धन टोक. वर्गात करण्यासारखा हा सोपा प्रयोग आहे.

चौथी तार : चालू-बंद करण्याची

पहिली तार बॅटरीला कायम जोडलेली असते. सबवूफर सतत जागा राहून अर्धा अँपिअर घेत राहिला, तर दोन दिवसांत २४ अँपिअर-तास खर्च होतील. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू होणार नाही. म्हणून चौथ्या बारीक तारेने, चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या जागेतून, ‘आता जागा हो’ एवढाच संदेश दिला जातो. काही सबवूफर तिसऱ्या तारेवरचे ते सहा-सात व्होल्ट ओळखून आपोआप चालू होतात. तिथे चौथी तार लागत नाही.

काम करण्यापूर्वी

सुरुवातीला बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. पान्याने धन टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला तर लघुपरिपथ होतो. ऋण बाजू आधीच सुटलेली असेल, तर परिपथच पूर्ण होत नाही. डॅशबोर्डमधल्या पिवळ्या वेष्टनाच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही १२ व्होल्टची वेगळी व्यवस्था असते, पण तिथल्या नारिंगी तारांवर शेकडो व्होल्ट असतात. त्यांच्यापासून दूरच राहावे.

वर्गातला प्रयोग

हार्डवेअरच्या दुकानात लाकूड घासण्याची बारीक स्टील वूल मिळते. तिचा एक तंतू चिनी मातीच्या बशीवर ठेवा आणि टॉर्चच्या दोन सेलना जोडलेल्या तारांची टोके त्याला क्षणभर टेकवा. तंतू लाल होऊन तुटतो, जोडणीच्या तारा मात्र थंडच राहतात. हाच फ्यूज. हा प्रयोग मोटारीच्या बॅटरीवर कधीही करू नये.

त्यानंतर फळ्यावर बॅटरी, पाच मीटर तार आणि सबवूफर काढा. एका गटाला फ्यूज सबवूफरजवळ दाखवू द्या, दुसऱ्याला बॅटरीजवळ. मग तारेच्या मध्यावर फुली मारून सांगा, की इथे प्लॅस्टिक फाटले आहे. दोन्ही चित्रांत धारा कोणत्या वाटेने जाईल आणि ती वाट फ्यूजमधून जाते का, हे विद्यार्थ्यांना बोटाने फिरवून दाखवू द्या. फ्यूज कुठे असावा, याचे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.