तिकडची पानगळ, इकडची शेवंती

घटस्थापना झाली की आमच्या जालन्याकडं दिवस कसे भराभर पळतात! शेतात कापसाची वेचणी, अंबडला मत्स्योदरी देवीची यात्रा, घरात साफसफाई आणि वर ऑक्टोबरचं ऊन. परवा अंगणात शेवंतीची रोपं लावत होते, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, रोममध्ये होती का अशी शेवंती?" होती काकू, भरपूर होती. पण तिथं तिचा अर्थच वेगळा होता. त्या शेवंतीचीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

हे लष्करात नायब सुभेदार. फौजीची बायको म्हटलं की बोचकी बांधायची सवय असतेच. पण 2023 च्या उन्हाळ्यात ह्यांची बदली रोमच्या भारतीय वकिलातीत झाली, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळाच आला. भाषा येत नाही, माणसं माहीत नाहीत आणि सासूबाईंना एकटं सोडून जायचं! त्या मात्र शांत होत्या. "जा माय तुम्ही. तिकडं गोळ्या तर चालत नाहीत ना? मग मला काय घोर?" एवढंच म्हणाल्या.

ह्या वाक्याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो. माझे सासरे श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेत होते. 1988 साली ते तिकडंच गेले. 1999 च्या कारगिल युद्धाआधी, लढाईत गेलेल्या जवानाचा देह बहुतेक वेळा घरी येत नसे. तिकडंच अग्नी दिला जाई. सासूबाईंच्या दारात आली ती तार आणि नंतर एक काळी ट्रंक. तेव्हा हे चार वर्षांचे होते. ती ट्रंक अजून माजघरात आहे. दर दसऱ्याला खंडेनवमीला सासूबाई तिलाच हळद-कुंकू वाहतात.

असो. रोमला पोचलो आणि बघता बघता थंडी सुरू झाली. आपल्याकडं पानं झडतात ती शिमग्याच्या आसपास. शरद म्हणजे आपल्याला कोजागरीचं चांदणं. तिकडं मात्र आपल्या दसऱ्या-दिवाळीतच झाडं पिवळी, तांबडी होऊन पानं गाळायला लागतात. रस्त्याच्या कोपऱ्यावर शेगडी मांडून चेस्टनट भाजणारे दिसतात. कागदाच्या पुडीत गरम गरम घ्यायचे, साल सोलून खायचे. चव थेट भाजलेल्या रताळ्यासारखी! टोमॅटोसारखं दिसणारं एक गोड फळ तिथं मिळतं, त्याचं नाव 'काकी'. बाजारात "दोन किलो काकी द्या" म्हणताना माझी पोरं हसून हसून लोळायची.

ऑक्टोबरातल्या सहलींना रोमचे लोक 'ओत्तोब्राता' म्हणतात. ही फार जुनी रीत. द्राक्षं काढून झाली की पूर्वी शहरातल्या बायका नटूनथटून, सजवलेल्या गाड्यांत बसून, डफ वाजवत, गाणी म्हणत वेशीबाहेरच्या मळ्यांत जायच्या. खायचं, प्यायचं, नाचायचं आणि संध्याकाळी परत. मला तर आपली वेळा अमावस्याच आठवली. मग आम्हीही एक जुनी फियाट घेतली आणि सुटीच्या दिवशी धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून निघायला लागलो.

पहिल्या दिवाळीत मात्र फजिती झाली. खालच्या मजल्यावर एक आजीबाई एकट्या राहायच्या. आमच्या पोरांवर त्यांचा जीव. म्हटलं, त्यांना फराळ द्यावा. चकल्या, करंज्या ताटात मांडल्या. बाजारात शेवंतीच्या कुंड्याच कुंड्या होत्या, इतकी टपोरी फुलं की मन हरखून गेलं. हौसेनं एक पिवळीधमक कुंडी घेतली आणि आजीबाईंच्या दारात उभी राहिले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. ताट घेतलं, पण कुंडीकडं बघतच राहिल्या.

मग त्यांनीच मला खुर्चीत बसवलं आणि थोड्या खुणा, थोडं इंग्रजी करत समजावलं. इटलीत शेवंती ही मेलेल्या माणसांसाठी! 2 नोव्हेंबरला तिथं पितरांचा दिवस असतो. घरोघरची माणसं शेवंती घेऊन आपल्या माणसांच्या कबरींवर जातात. घरात भेट म्हणून ती कोणी देत नाही. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. पण त्या हसल्या. म्हणाल्या, तुझी चूक नाही, ठेव ती इथंच.

आणि मग भिंतीवरचा एक फोटो दाखवला. गणवेशातला तरुण. त्यांचे वडील. दुसऱ्या महायुद्धात इटलीनं रशियाच्या आघाडीवर फौज पाठवली होती. 1942-43 च्या त्या कडाक्याच्या थंडीत हजारो जवान बेपत्ता झाले, त्यांतलेच एक. आजीबाई तेव्हा तीन वर्षांच्या. कबर नाही, काही नाही. मग दर 2 नोव्हेंबरला त्या कुठल्यातरी अनोळखी जवानाच्या कबरीवर शेवंती ठेवून येतात. "तिकडं रशियात एखादी बाई माझ्या वडलांना फूल वाहत असेल, म्हणून मी इथं वाहते," असं म्हणाल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढं सारखी आमच्या माजघरातली ट्रंक येत होती.

दुसऱ्या वर्षी, 2024 साली, हे म्हणाले, "या खेपेला दसऱ्याची सहल आपल्या माणसाकडं काढू." मला वाटलं, कोणी ओळखीचं राहायला आलंय की काय! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहाटे निघालो. रोममधून वाहणारी तेवेरे नदी, इंग्रजीत तिला टायबर म्हणतात, तिच्या वरच्या खोऱ्याकडं रस्ता जातो. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची राखाडी झाडं, लाल झालेले द्राक्षांचे वेल, नांगरून ठेवलेली ढेकळं. टेकडीवर एक तटबंदीचं इवलंसं गाव, मोन्तोने. तिथं एक सावलीचं घड्याळ आहे आणि त्यावर नाव कुणाचं असावं? नाईक यशवंत घाडगे यांचं!

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. 10 जुलै 1944 रोजी याच खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. बरोबरचे सगळे जवान पडले किंवा जखमी झाले. यशवंत एकटाच गनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदूक भरायला वेळ नव्हता, तर उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. आणि मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तिथंच पडला. वय बावीस! त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचा पुतळा आहे. पण कबर कुठंच नाही.

इटलीच्या त्या लढाईत आपले पन्नास हजारांवर जवान होते. 5,782 तिथंच राहिले. सबंध इटलीत 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा आपल्या फौजेतल्या जवानांना. सहांतले दोन मराठी. दुसरे नगर जिल्ह्यातल्या (आताचं अहिल्यानगर) निमजचे शिपाई नामदेव जाधव. 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीच्या काठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून वाचवून नेलं, आणि मग एकट्यानं शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या. ते मात्र घरी परत आले, 1984 पर्यंत जगले. आपण शाळेत एवढा इतिहास शिकलो, पण हे कुणी सांगितलं होतं का?

मोन्तोनेच्या लोकांनी हे घड्याळ जुलै 2023 मध्ये उभारलं. लढाईला जवळजवळ ऐंशी वर्षं झाल्यावर! त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. सासूबाईंनी निघताना आपट्याची वाळकी पानं दिली होती, "दसऱ्याला सोनं कुठून आणाल तिथं?" म्हणून. माझ्या धाकट्यानं त्यातलं एक पान तिथं ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. वडीलधाऱ्यांना सोनं देतात ना, तसाच.

संध्याकाळी फोनवर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग विचारलं, "नाव लिवलंय का गं त्याचं? सगळं, गावासकट?" म्हटलं, "हो आई, नाव आहे." "मंग बरं हाय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या वर्षी आमचा पाडवा 2 नोव्हेंबरला आला. म्हणजे तिथल्या पितरांच्या दिवशीच! सकाळी ह्यांना ओवाळलं आणि रोमच्या दक्षिणेला असलेल्या कासिनोला निघालो. यशवंत घाडगेंसारख्या, कबर नसलेल्या जवानांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. निघताना खालच्या आजीबाई जिन्यात आल्या आणि माझ्या हातात शेवंतीची जुडी दिली. आज ती बरोबर माणसाकडं चालली होती.

डोंगरावर तो प्रसिद्ध मठ, खाली हिरवंगार गवत आणि पांढऱ्या दगडांच्या ओळी. गवत कापलेलं, दगड धुतलेले. नावं वाचत गेलो, शीख, गुरखा, मुसलमान, मराठे. घाडगेंचं नाव सापडलं. मी शेवंती ठेवली, पोरांनी पणती लावली, वाऱ्यानं ती दोनदा विझली. ह्यांनी टाच जुळवून सलाम केला. आणि मग हा माणूस, सोळा वर्षांच्या संसारात ज्याच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, हळूच म्हणाला, "बाबांचं नाव कुठंतरी असेलच ना?"

नाव आहे. कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या संसदेपासून फार लांब नाही, शांतिसेनेचं स्मारक आहे. काळ्या दगडावर तिथं गेलेल्यांची नावं आहेत. एप्रिल 2025 मध्ये आपले पंतप्रधान तिथं फुलं वाहायला गेले, ते सासूबाईंनी टीव्हीवर पाहिलं. लगेच आम्हाला रोमला फोन! "आरं, त्या दगडावर नावं हायत! मला दिसली!"

आता आम्ही परत आलोय. साठी ओलांडलेल्या सासूबाईंचा पहिला पासपोर्ट आला. चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, "आजी, कशाला जाताय परदेशात?" तर म्हणाल्या, "मालकांना भेटायला." तो बिचारा गप्पच झाला.

मैत्रिणींनो, फौजीच्या घरात सहली अशाच असतात. बर्फ, समुद्र, जुने किल्ले सगळं बघून होतं, पण पाय थबकतात ते एखाद्या नावाशी. तुमच्या गावात, भावकीत कुणी जवान गेला असेल, तर त्याचं नाव कुठं कोरलंय एवढं जरूर विचारून ठेवा. आणि त्याची बायको असेल, तर तिला एकदा तिथं घेऊन जा.

दिवाळी झाली की आम्ही निघणार. अंगणातली शेवंती तोवर फुलेल. सासूबाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय, "फुलं आपल्या दारचीच न्यायची." विमानात फुलं कशी न्यायची, ते अजून कळलं नाही. बघू, ओढणीत गुंडाळून नेईन!