शीतगृहातील कर्बवायू शोषणारा कोळसा

फळ झाडावरून तोडले तरी त्याचे श्वसन थांबत नाही. ते प्राणवायू घेते व कार्बन डायऑक्साईड, म्हणजेच कर्बवायू, बाहेर टाकते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडलेली काश्मीर-हिमाचलची सफरचंदे आपल्या बाजारात उन्हाळ्यातही दिसतात, ती नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहांमुळे. तेथे हवाबंद खोलीतील प्राणवायू साधारण १ ते ३ टक्क्यांवर आणतात. त्यामुळे श्वसन मंदावते, पण कर्बवायू साचतच राहतो. तो मर्यादेबाहेर गेल्यास गर आतून तपकिरी पडतो. साल मात्र तजेलदार राहते, आणि नुकसान कळते ते फळ कापल्यावर! (कांदाचाळीत हवा खेळती असल्याने हा प्रश्न येत नाही.)

यासाठी विझविलेल्या चुन्याच्या गोण्या खोलीत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. १ किलो शुद्ध चुना जास्तीत जास्त ६०० ग्रॅमच्या आसपास कर्बवायू घेतो. नंतर तो निकामी होतो व बदलावा लागतो.

सच्छिद्र कोळसा पुन्हा पुन्हा वापरता येतो. नारळाच्या करवंटीच्या कोळशावर ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेची प्रक्रिया केली की त्यात अतिसूक्ष्म छिद्रे तयार होतात. अशा अवघ्या ४ ग्रॅम कोळशातील छिद्रांच्या भिंती पसरल्या, तर सुमारे १ एकर क्षेत्र भरेल. चुलीतल्या कोळशाने हे काम होणार नाही. खोलीतील हवा पंख्याने या कोळशातून फिरविली की कर्बवायू भिंतींना चिकटतो. ही पकड सैल असल्याने पुढे बाहेरची हवा सोडताच तो सुटून जातो. झिओलाइट हे खनिज कर्बवायू अधिक घट्ट धरते, परंतु दमट हवेत त्याची छिद्रे आधी पाण्यानेच भरतात. फळांच्या खोलीत तर आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे असते.

धातू व सेंद्रिय रेणूंपासून बनविलेल्या सच्छिद्र स्फटिकांसाठी कितागावा, रॉबसन व याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातील काहींच्या एकाच ग्रॅममध्ये एकराहून अधिक क्षेत्र असते. फळांसाठी मात्र कोळसाच सोयीचा.

आपला माल अशा शीतगृहात ठेवल्यास दोन्ही वायूंच्या रोजच्या नोंदी मागून पाहाव्यात. खोली पूर्ण हवेशीर होईपर्यंत आत डोकेसुद्धा घालू नये. तेथील हवेत माणूस काही श्वासांतच बेशुद्ध पडतो, आणि नाकाला बांधलेल्या रुमालाचा काहीही उपयोग होत नाही.