गुन्हा आणि शिक्षा : इंग्रजी शब्दांची पारख

आपल्या सुपा तालुक्यात घरी मराठी वा कोंकणी, कचेरीत कन्नड आणि कायद्याच्या ग्रंथांत इंग्रजी असा तिहेरी व्यवहार आहे. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि त्याच वर्षी १ जानेवारीला भारतीय दंडसंहिता अंमलात आली. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. राज्ये व कायदे बदलले, तरी मूळ इंग्रजी संज्ञा टिकून आहेत. त्यांतील सूक्ष्म भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

प्रथम माणसाला लावली जाणारी नावे पाहू. ‘सस्पेक्ट’ म्हणजे केवळ संशयित. ‘अक्यूज्ड’ म्हणजे आरोपी. त्याच्यावर आरोप आहे, तो सिद्ध झालेला नाही. ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे न्यायालयाने दोषी ठरविलेला, सिद्धदोष. बोलताना आपण आरोपीलाच ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळे होतो. पुढे तो निर्दोष सुटला, तरी गावाने दिलेले नाव सुटत नाही.

आता गुन्ह्यांची नावे. कोणाची जंगम वस्तू त्याच्या संमतीविना लबाडीने उचलून नेणे म्हणजे ‘थेफ्ट’, चोरी. त्यासाठी मारहाण केली वा तत्काळ इजेचा धाक घातला, की ती ‘रॉबरी’, जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, की ती ‘डकॉइटी’, दरोडा. गंमत अशी की ‘डकॉइटी’, ‘लूट’ आणि ‘ठग’ हे शब्द इंग्रजीने आपल्याच देशातून उचलले आहेत. तसेच प्रत्येक ‘मर्डर’ म्हणजे खून हा सदोष मनुष्यवध असतो. परंतु प्रत्येक सदोष मनुष्यवध खून ठरत नाही. हेतू, जाणीव आणि प्रसंग यांवर तो भेद अवलंबून असतो, आणि त्यानुसार शिक्षाही बदलते.

सर्वांत अनर्थकारक गैरसमज ‘नॉन-बेलेबल’ या शब्दाचा. ‘अजामीनपात्र’ ऐकताच जामीन मिळणारच नाही, असे समजून घरची माणसे खचून जातात आणि अर्जदेखील करीत नाहीत. वास्तविक जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर सोपविलेले असते. दार बंद नसते. ते ठोठवावे लागते. शिवाय जामिनावर सुटणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे. ‘बेल’ मिळाली तरी खटला चालूच राहतो. ‘अक्विटल’ झाले म्हणजे आरोपातून मुक्तता होते.

शिक्षेचेही तसेच. ‘पार्डन’ने शिक्षा माफ होते, ‘कम्युटेशन’ने तिचा प्रकार बदलून ती सौम्य होते, तर ‘रेमिशन’ने प्रकार तोच राहून मुदत घटते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे आणि त्याला वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. परंतु सांगितलेले कारण समजलेच नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. म्हणून शिकलेल्या मुलाने हे शब्द परीक्षेपुरते पाठ करू नयेत. घरात नोटीस आली, तर ती वडीलधाऱ्यांना आपल्या भाषेत नीट उलगडून सांगता यावी, एवढी तयारी शाळेतच व्हावी.