दोशी : एक आडनाव, अनेक वाटा

लोणंद, नीरा, फलटण, नातेपुते, बारामती या पट्ट्यातील बाजारपेठांतून दुकानांच्या पाट्या वाचत गेले, तर शहा, गांधी, कोठारी, मेहता आणि दोशी ही आडनावे वारंवार भेटतात. गुजरातेतून निघून दख्खनच्या पेठांत स्थिरावलेल्या व्यापारी कुटुंबांची ही आडनावे. धान्य, कापड, कांद्याची अडत, सराफी असे व्यवसाय पिढ्यांगणिक बदलले. बोलण्यात मराठी मिसळली, अनेक घरांत तीच मुख्य भाषा झाली. आडनाव मात्र मुळातले तेच राहिले. त्यांपैकी ‘दोशी’ हे एकच आडनाव घेतले, तरी त्याच्या आधाराने केवढा मोठा पट उलगडतो, हे पाहण्यासारखे आहे.

नावाचा अर्थ

मराठी कानाला हे आडनाव प्रथम खटकते. ‘दोषी’ म्हणजे अपराधी, असा अर्थ मनात येतो आणि शाळेतल्या हजेरीच्या वेळी मुलांना थट्टाही सोसावी लागते. वस्तुतः या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. संस्कृतात ‘दूष्य’ म्हणजे वस्त्र. त्यावरून प्राकृतात कापड विकणाऱ्यास ‘दोसिअ’ म्हणत आणि गुजरातीत त्याचेच ‘दोशी’ झाले. दोशी म्हणजे कापडाचा व्यापारी. अहमदाबादच्या जुन्या शहरात ‘दोशीवाडानी पोळ’ आजही आहे. म्हणूनच हे आडनाव लिहिताना शहामृगातला ‘श’ लिहावा, षट्कोनातला ‘ष’ नव्हे. खातेपुस्तक, सात-बारा आणि शाळेचा दाखला या तिन्हींत ते एकसारखे असेल, तर पुढे वारसाच्या नोंदीच्या वेळी होणारी धावपळ टळते.

व्यवसायावरून आडनाव पडण्याची रीत केवळ आपल्याकडची नाही. गांधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व किराणा मालाचा व्यापारी, कोठारी म्हणजे कोठाराचा अधिकारी, पारेख म्हणजे नाणी व रत्ने पारखणारा. दूरच्या स्पेनमध्येही ‘हेरेरो’ म्हणजे लोहार, ‘सास्त्रे’ म्हणजे शिंपी आणि ‘तेहेदोर’ म्हणजे विणकर. तिकडे बापाच्या नावावरून पडलेली आडनावे तर फारच पसरलेली आहेत. ‘फर्नांडेझ’ म्हणजे फर्नांडोचा मुलगा. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेले ‘फर्नांडिस’ हे त्याचेच भावंड. एवढ्या पसरलेल्या आडनावाची सगळी माणसे एका वंशाची असणे शक्य नाही. दोशींचेही तसेच आहे.

आडनाव मागे ठेवणारे वालचंद

या आडनावाचे सर्वांत मोठे नाव सोलापूरचे, पण ते आडनावाशिवायच ओळखले जाते. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. सौराष्ट्रातून आलेल्या या दिगंबर जैन कुटुंबात कापसाचा व्यापार आणि सावकारी चाले. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते रेल्वेच्या बांधकामाच्या कंत्राटांत उतरले. एकाकडे कामाचे ज्ञान आणि दुसऱ्याकडे भांडवल व धाडस, असा तो जोड होता.

१९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे, महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज त्यांनी विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. भाडेदर पाडून नवख्यांना संपवणे ही त्यांची रीत होती. सिंदिया कंपनी त्या स्पर्धेत टिकली. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पुढे १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट, १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स असा क्रम लागला. लोणंद परिसरातल्या वाचकांना अधिक जवळचे म्हणजे नीरेच्या खोऱ्यातच, इंदापूर तालुक्यात वसलेले वालचंदनगर. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही पुढे वालचंदांचेच नाव मिळाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. कारखाना, गाव, महाविद्यालय या सर्वांवर ‘वालचंद’ आहे. ‘दोशी’ कुठेच नाही.

ज्ञानासाठी संपत्ती

त्याच सोलापुरात दुसरे एक दोशी होऊन गेले. त्यांचे नाव बाजारापेक्षा ग्रंथालयांत अधिक आढळते. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी अनेक वर्षे संसारापासून अलिप्त होते. स्वतः मिळवलेल्या धनाचा विनियोग धर्म आणि समाज यांच्यासाठी करावा, असे १९४० च्या सुमारास त्यांनी ठरवले. तथापि देणगी देऊन मोकळे होण्यापूर्वी त्यांनी विद्वानांची मते मागवली, १९४१ मध्ये नाशिकजवळच्या गजपंथा क्षेत्री त्यांना एकत्र बोलावले आणि चर्चेअंती तीस हजार रुपये देऊन जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना केली. १९४४ मध्ये जवळजवळ दोन लाखांची आपली संपूर्ण मालमत्ता त्यांनी संघास दिली.

त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राचीन प्राकृत ग्रंथ हे तिचे पहिले पुष्प, आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी त्याचे संपादन केले. १९५७ साली जीवराजांनी समाधिमरण स्वीकारले. देण्याआधी विचार, विचारासाठी सल्ला आणि मग सर्वस्व, हा त्यांचा क्रम दान देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कला, वास्तू आणि मैदान

सरयू दोशी यांनी वेगळी वाट धरली. ताडपत्रांवरची आणि हस्तलिखितांतली जैन चित्रे भांडारांत बंद होती. सरयूताईंनी त्यांचा अभ्यास करून जैन चित्रकलेवर इंग्रजीत मौलिक ग्रंथ सिद्ध केला. श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाच्या निमित्ताने १९८१ साली त्या क्षेत्रावरील ग्रंथाचेही त्यांनी संपादन केले. १९९९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वास्तुशास्त्रात बाळकृष्ण दोशी यांचे नाव जगभर घेतले जाते. त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात झाला. घरी दोन पिढ्यांचा फर्निचरचा व्यवसाय होता. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम करण्यास गेले आणि परतल्यावर अहमदाबादेत स्थिरावले. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची इमारत त्यांची. इंदूरची अल्प उत्पन्न गटासाठीची ‘अरण्य’ वसाहतही त्यांचीच. २०१८ साली प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२३ च्या जानेवारीत ते निवर्तले. त्यांचे कुटुंब हिंदू होते. म्हणजे दोशी आडनाव असले की माणूस जैनच असेल, असेही नाही.

क्रिकेटपटू दिलीप दोशी यांची कथा धीराची आहे. बेदींसारखा डावखुरा फिरकी गोलंदाज संघात असताना दुसऱ्याला जागा मिळणे अवघड होते. १९७९ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळण्याची संधी आली, तेव्हा दोशी ३१ वर्षांचे होते. पहिल्याच डावात त्यांनी सहा बळी घेतले. ३३ कसोटींत ११४ बळी हा त्यांचा हिशेब. २३ जून २०२५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

नव्या पिढीत इंग्रजी साहित्यातही हे आडनाव दिसते. चेन्नईत जन्मलेल्या तिशानी दोशी यांच्या पहिल्या कवितासंग्रहाला २००६ मध्ये ब्रिटनचा फॉरवर्ड पुरस्कार मिळाला. अमेरिकेत जन्मलेल्या अवनी दोशी यांची पुण्याच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी २०२० मध्ये बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती.

आडनाव ठेवावे की बदलावे?

ही सारी मंडळी एका कुळाची नाहीत, एका गावाची नाहीत, एका धर्माचीही नाहीत. कुणा एका काळी त्यांच्या पूर्वजांनी कापड विकले, एवढाच समान धागा आडनाव सांगते. आज हा प्रश्न निकडीचा अशासाठी, की अनेक घरांत परंपरागत आडनाव सोडून ‘जैन’ असे आडनाव लावण्याचा विचार चालतो. समाजाची संख्या कागदोपत्री कमी दिसते, ही त्यामागची खंत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैन नोंदले गेले; त्यांपैकी सुमारे चौदा लाख महाराष्ट्रात. जानेवारी २०१४ मध्ये समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जाही मिळाला.

परंतु जनगणनेत धर्म आडनावावरून ठरवला जात नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रश्न असतो. प्रगणक दारी आल्यावर ‘आपले आडनाव तर माहीतच आहे’ असे म्हणून गप्प न बसता, धर्म ‘जैन’ असे स्पष्ट सांगणे आणि तशीच नोंद झाली आहे याची खात्री करणे पुरेसे आहे. त्यासाठी आडनाव बदलण्याची गरज नाही. उलट बदल केल्यास पॅन, आधार, बँक खाते, मालमत्तेची कागदपत्रे आणि मुलांचे दाखले या सर्वांत दुरुस्ती करावी लागते, आणि एखादा कागद राहून गेला तर त्याची झळ पुढच्या पिढीला बसते. ज्यांना मनापासून बदल करायचा आहे त्यांनी तो जरूर करावा. पण राजपत्रात नोंद करून, सर्व कागद एकाच वेळी बदलून.

पेढीवर वर्ष सुरू होते ते आरंभीच्या शिलकीने. आडनाव म्हणजे पूर्वजांनी मागे ठेवलेली तशीच एक शिल्लक. ती जमेस धरावी, तिचा मान ठेवावा. मात्र वर्षअखेरचा ताळेबंद तिच्यावर ठरत नाही. वालचंदांनी जहाजे काढून, जीवराजांनी सर्वस्व देऊन आणि दिलीप दोशींनी तिशीपर्यंत थांबून जी भर घातली, ती ज्याची त्याने घातली. मुलांना आडनावाचा अर्थ जरूर सांगावा, आणि त्याचबरोबर हेही सांगावे, की पुढच्या पानावर काय लिहिले जाईल ते त्यांच्याच हाती आहे.